एका हिब्रू शब्दाचा इतिहास

इ. स. पू. ७३५ च्या सुमारास यरुशलेम नगरावर मोठे अरिष्ट आले. उत्तरेकडील इस्राएलचा राजा पेकह आणि दिमिष्काचा राजा रसीन यांनी आपसांत तह करून यहूदाच्या लहानशा राज्यावर स्वारी केली. यहूदाचा तरुण राजा आहाज याने अश्शूरच्या बलाढ्य सम्राटाला साहाय्यास बोलवावे, की धीर धरून स्वस्थ राहावे, असा पेच उभा राहिला. अशा वेळी यशया नावाचा संदेष्टा आपल्या मुलाला बरोबर घेऊन, परिटांच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वरच्या तळ्याच्या पाटाशी राजाला भेटला आणि भिण्याचे कारण नाही असे त्याने बजावले. राजाचा विश्वास बसेना. तेव्हा यशयाने त्याला एक खूण सांगितली. एक स्त्री गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल व त्याचे नाव इम्मानुएल, म्हणजे देव आमच्याबरोबर, असे ठेवील. आणि त्या बालकाला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच, ज्या दोन राजांची आहाजाला धास्ती वाटत होती त्यांचा मुलूख ओसाड पडेल.

या भविष्याचा पूर्वार्ध ख्रिस्ती जगात नाताळच्या दिवसांत आवर्जून वाचला जातो. उत्तरार्धाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. वास्तविक राजाला हवा होता तो उत्तरार्धच. संकट किती दिवस टिकेल, याची मुदत त्यात सांगितली होती, आणि ती फार लांबलीही नाही. इ. स. पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने दिमिष्क जिंकले, रसीन मारला गेला आणि त्याच सुमारास पेकहचाही त्याच्याच माणसाकडून वध झाला. यशयाच्या काळातील श्रोत्यांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. इतिहासाच्या दृष्टीने ते तेथे सुरू झाले.

मूळ हिब्रूत त्या स्त्रीसाठी 'अल्मा' हा शब्द आहे. हिब्रू बायबलात तो मोजक्याच ठिकाणी येतो. विहिरीवर पाण्याला आलेली रिबका अल्मा आहे. नदीकाठी तान्ह्या मोशेवर नजर ठेवणारी त्याची बहीण अल्मा आहे. मिरवणुकीत डफ वाजवीत चालणाऱ्या मुलीही अल्माच. याच शब्दाचे पुल्लिंगी रूप 'एलेम' हे दावीद कोवळ्या वयाचा असताना त्याच्याविषयी वापरलेले आढळते, आणि तेथे ब्रह्मचर्याचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. तेव्हा शब्दाचा रोख वयावर आहे: उपवर झालेली, तारुण्यात आलेली मुलगी. पुरुषसंग न झालेली स्त्री असे नेमके सांगायचे असल्यास हिब्रूत 'बतूला' हा शब्द होता व कायद्याच्या भाषेत तोच येतो. अर्थात तोही सर्वत्र काटेकोर नाही. योएलच्या ग्रंथात एक बतूला आपल्या तरुणपणीच्या पतीसाठी शोक करताना दिसते. मराठीतील 'कुमारी' या शब्दाची गत काहीशी अशीच नाही काय? नवरात्रातील कुमारिकापूजनात तो वयाकडे झुकतो, तर अर्जावरील नावामागे लागला की अविवाहितपणाकडे. मराठी बायबलच्या रूढ भाषांतरात यशयाच्या या जागी 'कुमारी' हाच शब्द योजलेला आहे.

गुंतागुंत निर्माण झाली ती ग्रीक भाषांतराने. ख्रिस्तपूर्व काळातच अलेक्झांड्रिया व इतर नगरांतील ग्रीकभाषी यहुदी लोकांसाठी हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले, आणि भाषांतरकाराने येथे 'पार्थेनोस' हा शब्द घातला. पार्थेनोस म्हणजे सामान्यतः अक्षतयोनी कुमारी. पण याच ग्रीक ग्रंथात उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात दीना हिच्यावर बलात्कार झाल्यानंतरही तिला पार्थेनोसच म्हटले आहे. म्हणजे ज्या यहुदी पंडिताने हा शब्द निवडला, त्याच्या मनात चमत्काराची कल्पना असेलच असे नाही. पुढे मत्तयाने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, आणि येशूच्या जन्माच्या हकीगतीत यशयाचे हे वचन पूर्ण झाले असे सांगताना त्याने पार्थेनोस हा तयार शब्द उचलला. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कुमारीजन्माची श्रद्धा केवळ या एका शब्दातून निपजली असे म्हणता येत नाही. लूकने यशयाच्या वचनाचा आधार न देताच ती हकीगत सांगितली आहे. परंतु वाद झाला तो या वचनावरच, आणि तो शतकानुशतके चालला.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिन याने ट्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहून ठेवला. ट्रिफो म्हणतो की शब्दाचा अर्थ तरुणी, आणि भविष्य आहाजाचा पुत्र हिज्कीया याच्याविषयीचे. जस्टिनचे उत्तर असे की यहुदी पंडित शास्त्राचा पाठच बिघडवीत आहेत. त्याच शतकात अक्विला याने नवे ग्रीक भाषांतर करून पार्थेनोस काढून टाकला व तेथे तरुणी असा सरळ शब्द घातला होता. त्यामुळे या संशयाला खतपाणीच मिळाले. पाठभेदाचा हा आरोप पुढे फार काळ टिकला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात राहून लॅटिन बायबल सिद्ध करणारा जेरोम हा या आरोपावर विसंबला नाही. तो हिब्रू शिकला. त्याचा यहुदी गुरू स्वजातीयांच्या भीतीने रात्री शिकवायला येई, असे जेरोमनेच लिहिले आहे. कुमारीसाठी हिब्रूत बतूला हा शब्द आहे हे त्याने मान्य केले. पण अल्माचा संबंध 'लपविणे' या अर्थाच्या धातूशी जोडून, जिला परपुरुषाच्या दृष्टीआड जपले आहे ती अल्मा, असा अर्थ त्याने बसविला. ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते. मात्र त्याचा दुसरा मुद्दा बिनतोड होता: बायबलातील आकडे धरले तर आहाज गादीवर आला तेव्हा हिज्कीया नऊ वर्षांचा होता, मग त्याच्या जन्माचे भविष्य कसे सांगणार? गंमत अशी की सातशे वर्षांनी फ्रान्समधील त्र्वा येथील थोर यहुदी भाष्यकार राशी याने नेमक्या याच हिशेबाने हिज्कीयाचा पक्ष सोडून दिला आणि ती तरुणी म्हणजे यशयाची पत्नी असे ठरविले.

राशीच्या निधनाला अर्धशतक होते न होते तोच पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठात एक विलक्षण प्रकार घडला. या मठातील अँड्र्यू हा संन्यासी जुन्या कराराचा सरळ अर्थ काय, हे जाणण्यासाठी यहुदी पंडितांच्या अर्थांचा आधार घेई. यशयावरील टीकेत त्याने या वचनाचा यहुदी अर्थ सविस्तर दिला, आणि त्याचे खंडन करण्याच्या जागी, या झुंजीत उतरण्याइतके आपले बळ नाही अशा आशयाचे लिहून तो बाजूला झाला. ज्या काळी यहुदी मत उद्धृत करायचे ते खोडून काढण्यासाठीच, त्या काळी हे मौन फार बोलके होते. त्याच मठातील रिचर्ड याने इम्मानुएल या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून अँड्र्यूवर यहुदी वळणाचा ठपका ठेवला. अँड्र्यू इंग्लंडमधील विग्मोर मठाचा प्रमुख होऊन ११७५ मध्ये वारला. विसाव्या शतकात बेरिल स्मॉली या इंग्रज विदुषीने त्याला पुन्हा प्रकाशात आणले.

मठातील वाद शाईने झाला; बार्सिलोनातील वाद राजदरबारात झाला. जुलै १२६३ मध्ये आरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर गिरोनाचे रब्बी मोशे बेन नाहमान आणि धर्मांतर करून डोमिनिकन झालेला पाब्लो क्रिस्तियानी यांचा जाहीर वाद झाला. प्रश्न होता मशीहाचा. मशीह म्हणजे अभिषिक्त. प्राचीन काळी राजे व याजक यांच्या मस्तकावर तेल ओतीत, म्हणून तो शब्द. यशयाच्याच ग्रंथात परधर्मी इराणी सम्राट कोरेश यालाही तो लावला आहे. राज्य गेल्यावर मात्र तो शब्द आशेचा झाला: दाविदाच्या वंशात एक राजा उपजेल आणि विखुरलेल्या लोकांना एकत्र आणील. त्याच्या जन्माच्या प्रकाराला या आशेत महत्त्व नव्हते, म्हणून यहुदी भाष्यकारांनी इम्मानुएलला सहसा मशीहांत गणले नाही. नाहमानी यांनीही सांगितले की मशीह इतर माणसांसारखाच स्त्री-पुरुषांच्या पोटी जन्मेल. दुःख भोगणाऱ्या सेवकाविषयीचा यशयाचा त्रेपन्नावा अध्याय पुढे केला गेला, तेव्हा तो सेवक म्हणजे इस्राएल लोक, हे उत्तर आले. तेही नवे नव्हते. यहुद्यांच्या तोंडून ते ऐकल्याचे ओरिगेनने तिसऱ्या शतकातच नमूद केले आहे.

नाहमानी यांनी स्वतः लिहिलेल्या वृत्तान्तातील सर्वांत धीट मुद्दा व्याकरणाचा नाही. मशीहाच्या काळी राष्ट्रे युद्ध शिकणार नाहीत असे यशया सांगतो. येशूच्या काळापासून जग तर रक्तपाताने भरले आहे, आणि युद्ध बंद झाले तर राजा व त्याचे सरदार यांचे कसे होईल, असे त्यांनी राजाच्या तोंडावर विचारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे राजाने निरोप देताना ३०० दिनार दिले. लॅटिन वृत्तान्त म्हणतो की ते निरुत्तर झाले. दोन्ही पक्षांनी आपापला विजय लिहून ठेवावा, यात नवल नाही. परंतु शिक्षा एकालाच झाली. हा वृत्तान्त लिहिल्याबद्दल डोमिनिकनांनी १२६५ मध्ये फिर्याद केली, आणि सत्तरी ओलांडलेल्या नाहमानी यांना मायदेश सोडावा लागला. १२६७ मध्ये ते यरुशलेमास पोहोचले, तेव्हा त्या उद्ध्वस्त नगरात यहुदी म्हणून रंगाऱ्याचा धंदा करणारे दोन भाऊ तेवढे त्यांना भेटले.

पुढे मुद्रणाने वादाचे स्वरूप पालटले. १५०६ मध्ये जर्मन पंडित रॉइशलिन याने ख्रिस्ती वाचकांसाठी हिब्रू व्याकरण व कोश छापला, आणि यहुदी ग्रंथ जाळण्याच्या चळवळीला विरोध केल्याबद्दल त्यालाही वर्षानुवर्षे छळ सोसावा लागला. ही व्याकरणाची परंपरा महाराष्ट्रातही आली. कोकणातील बेने इस्राएल लोकांची बोली मराठी. त्यांना नजरेसमोर ठेवून मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. पण व्याकरण शिकणारा त्याचा उपयोग कशासाठी करील, हे शिकविणाऱ्याच्या हाती राहत नाही.

जस्टिनच्या आरोपाचा निकाल लागला तो १९४७ मध्ये. मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत यशयाच्या सहासष्ट अध्यायांची सुमारे सात मीटर लांबीची चर्मगुंडाळी मिळाली. ती ख्रिस्तजन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधीची आहे, म्हणजे तिच्यात कोणी ख्रिस्ती मताविरुद्ध फेरफार करणे अशक्यच. तिच्यात अल्मा हाच शब्द स्पष्ट आहे. त्याच गुहांतील एका पंथाच्या नियमग्रंथात एक याजकवंशीय व एक राजवंशीय अशा दोन अभिषिक्तांची वाट पाहिलेली दिसते. येशूपूर्वी यहुदी समाजात मशीहाची एकच ठरीव कल्पना होती, हे उभय पक्षांचे गृहीतही त्यामुळे ढिले झाले.

१९५२ मध्ये अमेरिकेत सुधारित बायबल निघाले आणि त्यात यशयाच्या जागी 'तरुणी' हा शब्द छापला गेला; 'कुमारी' तळटीपेत गेली. उत्तर कॅरोलायनातील रॉकी माउंट येथे एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळले. आज तो क्षोभ पुष्कळसा ओसरला आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या सुधारित बायबलातही यशयाच्या सातव्या अध्यायात तरुणीच आहे, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात कुमारी जशीच्या तशी आहे.