माथेरानची वाट कुणी पाडली?

आज तुम्हाला डोंगरमाथ्यावरच्या एका गावाची गोष्ट सांगते. गाव लहान, पण त्याला स्वतःची नगरपरिषद आहे. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातलं हे माथेरान. २०११ च्या जनगणनेत तिथे साडेचार हजार माणसंही भरली नाहीत. आपल्याकडची एखादी ग्रामपंचायतसुद्धा याहून मोठी असते!

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. हा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे, उंची सुमारे ८०० मीटर. वर जांभ्याची तांबडी माती आणि दाट झाडी, कडेला खोल दऱ्या. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण पाणी उतारावरून खाली निघून जातं. म्हणून तिथे बांध घालून शार्लोट तलाव केला.

पुस्तकांत वाचायला मिळतं, की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा 'शोध लावला'. हा शब्द मला खटकतो. डोंगराखालच्या वाड्यांतली ठाकर, कातकरी, धनगर माणसं त्या रानाच्या आधारानेच जगत होती. साहेब वर चढले तेव्हा पायाखाली वाट होतीच ना? ती कुणाच्या पावलांनी पडली होती?

पुढे मुंबईच्या साहेबांचे आणि शेठजींचे बंगले उभे राहिले. पाहुणे घोड्यावरून नाहीतर पालखीतून वर यायचे. मग पीरभॉय कुटुंबाने नेरळपासून सुमारे २० किलोमीटरची छोटी रेल्वे बांधली, ती १९०७ साली सुरू झाली. पीरभॉय यांचं नाव राहिलं. शार्लोट, लुईझा, अलेक्झांडर ही नावं तलावाला आणि पॉइंटना मिळाली. पालखी वाहणाऱ्यांची आणि रुळांसाठी डोंगर फोडणाऱ्यांची नावं मात्र आपण कधी ऐकली नाहीत.

माथेरानात मोटारगाड्यांना बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. त्यामुळे झाडं राहिली, हवा स्वच्छ राहिली, हे चांगलंच झालं. पण गाडी नाही म्हटल्यावर ओझं कुणीतरी वाहणारच. सामान घोड्यावर, हातगाडीवर, डोक्यावर जातं. माणसाला बसवून माणसाने ओढायची रिक्षाही तिथे चालायची. ती सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना दुसरं काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी!

उन्हाळ्यात खालच्या वाड्यांतल्या बाया करवंदं, जांभळं विकायला घेऊन येतात. पाटीत रानमेवा आणि पायाखाली तीच जुनी चढण. आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा त्या चढणीचा हिशेब धरतो का?

मैत्रिणींनो, आपल्या गावातली विहीर कुणी खणली, शाळेच्या भिंतीला दगड कुणी वाहिले? कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव असतं. बाकीची नावं गावातल्या म्हाताऱ्या बायांना ठाऊक असतात. पुढच्या बैठकीला एका आजीला बोलवा. बचतीचा हिशेब झाला की ती सांगेल ती नावं गटाच्या वहीत लिहून घ्या. ती गेल्यावर विचारायला कुणी उरणार नाही.