रुळांची रुंदी आणि अडलेला संगणक

गणेशोत्सवाला तीन आठवडे उरले असताना मंडळाच्या चिटणीसबाईंचा फोन आला. सभासदांची यादी, जेवणाची नोंदणी आणि जुन्या अंकांची छायाचित्रे ज्या संगणकावर आहेत, तो लिनक्सची नवी आवृत्ती घेईना. "दादा, काहीतरी तुटलंय म्हणतो आणि थांबतो. सगळी यादी गेली की काय?" यादी गेली नव्हती. संगणकाने फक्त पुढे पाऊल टाकायचे नाकारले होते. हा नकार किती मोलाचा असतो, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास उगाळतो. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

लंडनहून ब्रिस्टलला जाणारे रूळ ब्रुनेल या अभियंत्याने सात फूट पाव इंच रुंदीचे घातले होते. इतर बहुतेक कंपन्यांचे रूळ होते चार फूट साडेआठ इंचांचे. ग्लॉस्टर येथे १८४४ साली हे दोन मार्ग समोरासमोर आले आणि माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवण्याचा गोंधळ सुरू झाला. आपल्याकडे ज्यांनी बार्शी लाइट रेल्वेने प्रवास केला आहे, त्यांना हे नवे नाही. कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचे, बोचकी उचलायची आणि छोट्या गाडीत बसायचे! दोन्ही गाड्या आपापल्या जागी उत्तम होत्या, पण एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नव्हते.

संगणकातील लायब्ररी म्हणजे असेच रूळ. छापणे, फाईल उघडणे, वेळ सांगणे ही रोजची कामे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत नाही, एका सामायिक लायब्ररीकडून करवून घेतो. म्हणून प्रत्येक पॅकेजवर लिहिलेले असते, की मला अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती हवी. ही चिठ्ठी वाचून पॅकेज आत घ्यायचे की दारातच थांबवायचे, हे ठरवणारा एक द्वारपाल लागतो.

डेबियन ही लिनक्सची मांडणी इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये जाहीर केली. तिचा द्वारपाल म्हणजे डीपीकेजी. तो आधी साध्या स्क्रिप्टच्या रूपात होता. १९९४ मध्ये त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला तो इयान जॅक्सन या इंग्रज तरुणाने. पुढे केंब्रिजमध्ये डॉक्टरेट करणारे हेच जॅक्सन १९९८ साली डेबियनचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षी डेबियनच्या रुळांची रुंदी बदलली.

लिनक्सची मूळ सी लायब्ररी तेव्हा पाचव्या क्रमांकावरून सहाव्यावर जात होती. दोन्ही एकाच यंत्रावर शेजारी शेजारी नांदू शकत. ग्रेट वेस्टर्ननेही काही मार्गांवर तिसरा रूळ टाकून दोन्ही रुंदींच्या गाड्या चालवल्या होत्या, तसेच हे. अडचण होती ती मधल्या लायब्रऱ्यांची. सहावी मागणाऱ्या प्रोग्रॅमने पाचवीवर बांधलेली मधली लायब्ररी उचलली, की एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही शिरत आणि तो कोसळे. यावर तोड निघाली ती अशी, की नव्या रुळांवर बांधलेल्या मधल्या लायब्रऱ्यांच्या नावापुढे 'जी' हे अक्षर जोडायचे, म्हणजे जुनी आणि नवी एकमेकींच्या पायांत येणार नाहीत. आधीच्या आवृत्तीवरून येणाऱ्यांसाठी एक छोटी स्क्रिप्टही दिली गेली, कारण कोणते पॅकेज आधी आणि कोणते नंतर यावर सारे अवलंबून होते. २४ जुलै १९९८ रोजी डेबियन २.० बाहेर पडली, दीड हजारांवर पॅकेजे घेऊन. पॅकेजांचा क्रम आपणहून लावणारे एपीटी मार्च १९९९ मधील पुढच्या आवृत्तीत आले. झीलिब या लायब्ररीच्या पॅकेजच्या नावात ते 'जी' अजूनही आहे. आपल्या वाड्यांच्या दारांवर जुन्या मालकांची नावे राहतात ना, तसे!

आता स्वतःची फजिती सांगतो. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या यंत्रावर असाच नकार आला. रात्रीचे दोन वाजलेले, अंगात रग. मी 'जबरदस्ती कर' असा हुकूम सोडला. द्वारपालाने तो निमूटपणे पाळला, सी लायब्ररी अर्धी बदलली, आणि त्यानंतर फाईलींची यादी दाखवणारी साधी आज्ञाही चालेना. सहा आठवड्यांचे निष्कर्ष आत, मी बाहेर. उबुंटूच्या सीडी तेव्हा टपालाने फुकट येत. त्यातल्या एका सीडीवरून यंत्र सुरू केले आणि फाईली बाहेर काढल्या. प्रबंध वाचला, पण रग उतरली ती कायमची.

मंडळाच्या संगणकावर जबरदस्ती केली नाही ती म्हणूनच. आधी यादीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. मग चित्रांच्या एका लायब्ररीची कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून आली आहे, ते विचारले. जुन्या स्कॅनरसाठी कुणीतरी (म्हणजे मीच!) एक बाहेरचे भांडार जोडले होते. त्या लायब्ररीच्या ६४ बिटी आणि ३२ बिटी अशा दोन प्रती यंत्रावर होत्या, आणि त्या तंतोतंत एकाच आवृत्तीच्या असाव्या लागतात. बाहेरच्या भांडाराने ६४ बिटी प्रत पुढे नेली, ३२ बिटी प्रत द्यायचे बंद केले. जोडी जुळेना, म्हणून गाडी थांबलेली. भांडार बंद केले, दोन्ही प्रती मूळ वितरणाच्या आवृत्तीवर एकदमच मागे आणल्या आणि मग पुढची वाट धरली. तासाभरात काम झाले.

ग्रेट वेस्टर्नचे शेवटचे रुंद रूळ मे १८९२ मध्ये एका शनिवार-रविवारी बदलले गेले. चार हजारांवर कामगार त्यासाठी जमले होते आणि तयारी कितीतरी आधीपासून चालली होती. संगणकांनाही असा दिवस पुन्हा आला. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जातील, म्हणून २०२४ मध्ये डेबियन आणि उबुंटूमधील अनेक लायब्रऱ्यांच्या नावांना 'टी६४' हे शेपूट लागले. युक्ती तीच, १९९८ ची.

तेव्हा मंडळी, आपला संगणक अडून बसला तर त्याला दटावू नका. त्याला काय जुळत नाही, ते आधी विचारा. आणि विचारण्यापूर्वी यादीची एक प्रत काढून ठेवा, नाहीतर आरतीच्या वेळी मोदक किती लागतील, हे सांगायला कुणी उरणार नाही!