लुना की पास?

सासवडच्या मुलाला पुण्यात कॉलेज करायचं, तर नव्वदच्या दशकात आधी जाण्यायेण्याचा हिशेब मांडावा लागे. १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे विद्यार्थी पास आला आणि खेड्यातली मुलं शहरात शिकू लागली. महाराष्ट्रात शिक्षण पसरलं त्याचं मोठं श्रेय मी त्या लाल गाडीला देतो. पण पास घर ते कॉलेज एवढाच चाले, आणि दिवेघाट चढणारी शेवटची गाडी कुणाच्या कामासाठी थांबत नसे.

माझं काम होतं अप्पा बळवंत चौकाजवळ, डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं. खिळे जुळवणारे कंपोझिटर तोवर मागे पडले होते. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये गाइडं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं लागत. मोबदला पानावर, रफार एका अक्षराने सरकला तरी पान परत येई. हे काम संध्याकाळीच जोरात चाले.

म्हणून जुनी लुना घेतली. कायनेटिकने १९७२ साली आणलेली ही पन्नास सीसीची मोपेड. पेडल मारून सुरू व्हायची, पेट्रोल संपलं तर सायकलसारखी हाकता यायची. घाटात चढाला इंजिन दमलं की पेडलची जोड द्यावी लागे, आणि मागून ट्रकचा उजेड आला की बाजूला उभं राहावं लागे. तरी पानांच्या पैशांतून पेट्रोल आणि फी दोन्ही निघत.

२००१मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्यांत संगणकवर्ग निघाले. धाकटी बहीण कॉम्प्युटर सासवडलाच शिकली. कॉलेजला तिला पास पुरला.