बंब, गीझर आणि वाफेची मोटार

वाफेचं इंजिन म्हटलं की आपल्याला झुकझुक गाडीच आठवते. पण मंडळी, पेट्रोलच्या मोटारींच्या शंभरेक वर्षं आधी रस्त्यावर वाफेची गाडी येऊन गेली होती! १७६९ मध्ये निकोला-जोझेफ क्युन्यो या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने तोफा ओढायला तीनचाकी गाडा बनवला. भलामोठा बॉयलर पुढच्या एकुलत्या एका चाकापुढे लटकवलेला. वेग माणसाच्या चालण्याइतका, आणि थोड्या थोड्या वेळाने वाफ संपली की थांबायचं. त्याचा १७७० चा गाडा आजही पॅरिसच्या म्युझियममध्ये आहे.

पुढे अमेरिकेत स्टॅनले या जुळ्या भावांनी १८९७ पासून खरोखर चालणाऱ्या मोटारी बनवल्या. क्लच नाही, गिअर नाहीत, इंजिन थेट मागच्या आसाला जोडलेलं. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर त्यांची गाडी ताशी सुमारे २०५ किलोमीटर पळाली. वाफेच्या गाड्यांमधला हा विक्रम मोडायला २००९ साल उजाडलं!

मग या गाड्या गेल्या कुठे? माझ्या मते इंजिन नाही, बॉयलर आडवा आला.

आजोळचा तांब्याचा बंब आठवा. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी. स्टॅनलेचा बॉयलर म्हणजे असाच बंब, फक्त आत एकाऐवजी शेकडो नळ्या, आणि दाबाने फुटू नये म्हणून बाहेरून पियानोची तार घट्ट गुंडाळलेली. असा बंब एकदा तापला की साठा भरपूर, चढावर हवी तेवढी वाफ. पण तापायला वीस-तीस मिनिटं! शिवाय सुरुवातीच्या गाड्या वापरलेली वाफ हवेत सोडून देत, त्यामुळे साधारण दर मैलाला गॅलनभर पाणी लागे.

फ्रान्सच्या लिओं सेरपोलेने दुसरा मार्ग काढला. साठा ठेवायचाच नाही. तापलेल्या चिंचोळ्या नळीत थोडं थोडं पाणी सोडायचं, त्याची लगेच वाफ. थोडक्यात, इन्स्टंट गीझर! १९०२ मध्ये नीसला त्याची गाडी ताशी १२० किलोमीटरच्या वर गेली. पण साठा नाही म्हटल्यावर पाणी आणि जाळ यांचा मेळ क्षणाक्षणाला जुळवायला हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅशे काढून टाकला की सगळा भार कंट्रोल लॉजिकवर येतो.

ते लॉजिक नीट जमवलं ॲब्नर डोबलने, १९२० च्या दशकात. किल्ली फिरवा, जाळ आपोआप पेटतो, मिनिटाच्या आत गाडी निघते. प्रश्न सुटला!

पण तोवर उशीर झाला होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला आणि पेट्रोलच्या गाडीला हॅंडल मारायची कटकट संपली. फोर्डची मॉडेल टी तीनशे डॉलरच्या आसपास मिळत होती, डोबलची हजारो डॉलरला. स्टॅनलेचं उत्पादन १९२४ मध्ये थांबलं, डोबलची कंपनी १९३१ मध्ये.

मला यातून एवढंच दिसतं की माणसं टॉप स्पीड बघून टाळ्या वाजवतात, पण रोजच्या वापरासाठी निवडतात ती पटकन सुरू होणारी आणि खिशाला परवडणारी वस्तू. डोबलने पहिलं साधलं, दुसरं राहून गेलं.