पडक्या देवळाला विचारायचा प्रश्न

वाचकहो, सुटी लागली की चारसहा जण मिळून भाड्याची गाडी करायची आणि लांबच्या देवाला नाहीतर थंड हवेच्या गावी जाऊन यायचे, ही रीत आता खेड्यापाड्यांतही रुळली आहे. त्यात वाईट काही नाही. पण गेल्या दिवाळीत आम्ही काही शिक्षकमंडळींनी हिवरा आश्रमाहून जीप ठरवली, ती घराजवळचेच जुने अवशेष पाहण्यासाठी. मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा, एवढाच बेत. किलोमीटरचा दर, थांबण्याचे पैसे आणि ड्रायव्हरचे जेवण आधीच बोलून घेतले. तुम्हीही घ्या, म्हणजे परतताना वाद होत नाही.

मेहकर मागे पडले तसा ड्रायव्हर म्हणाला, "सर, भाडं भरून पडके दगड पाहायला निघालेले तुम्हीच पहिले!" त्याचे काही खोटे नव्हते. पडका दगड आपण होऊन बोलत नाही, त्याला बोलते करावे लागते. त्यासाठी एक साधा प्रश्न मी तुम्हाला सुचवतो : इथल्या माणसांचे पाणी कुठले?

मेहकरला उत्तर सोपे आहे. गाव पैनगंगेच्या काठी आहे. लोणारला मात्र नीट पाहावे लागते. हे विवर उल्केच्या आघाताने पडले, याविषयी आता शास्त्रज्ञांत मतभेद नाही. काळ्या खडकातला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. २०२० साली या सरोवराचे नाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. तळ्याचे पाणी खारे, तोंडात धरवत नाही. मग एवढी देवळे इथे का? कारण विवराच्या कडेला गोड्या पाण्याची धार आहे. खाऱ्याच्या शेजारी गोडे पाणी निघाले, याचे नवल वाटून माणसाने तिथे हात जोडले. तळ्याकाठची कमळजा देवी आणि गावातले दैत्यसूदनाचे ताराकृती देऊळ पाहताना हे ध्यानात ठेवा. प्रत्येक जुन्या देवळाला आपण 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. ते नाव बांधणीच्या धाटणीचे आहे. देऊळ त्याने स्वतः बांधले असा त्याचा अर्थ नाही.

आता थोडे दूर जाऊ. मेक्सिको देशात युकातान नावाचा प्रांत आहे. तिथेही प्रवासी मोटार भाड्याने घेऊन माया लोकांच्या ओसाड नगरांना जातात. त्या भूमीवर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक अजस्र अशनी आदळली. ते विवर आज जमिनीखाली गाडलेले आहे, पण त्याच्या कडेकडेने चुनखडीचा खडक खचून खोल नैसर्गिक विहिरी झाल्या आहेत. उत्तर युकातानात जमिनीवर वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. म्हणून माया लोक अशा विहिरींच्या आश्रयाने राहिले. चिचेन इत्झा या नगराच्या नावाचा अर्थच मुळी 'इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे. दक्षिणेकडची तिकालसारखी मोठी नगरे मात्र नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडत गेली. लढाया हे एक कारण होते, पण तळ्यांच्या गाळाच्या अभ्यासातून त्या काळातले लागोपाठचे दुष्काळही उघड झाले आहेत. आभाळाला टेकणारी देवळे बांधणारी माणसे पाण्यापुढे हरली. आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला हे फोडून सांगायला नको.

लोणारहून सुलतानपूर, बिबी, दुसरबीड करीत आम्ही सिंदखेड राजाला पोचलो. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो इथल्या वाड्यात. त्यांचे वडील लखुजीराजे जाधव १६२९ मध्ये देवगिरीवर दगाफटक्याने मारले गेले. त्यांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना २०२४ साली जमिनीखालून शेषशायी विष्णूची सुबक मूर्ती निघाली. ज्या वाटेने लोक रोज जात-येत, तिच्याजवळच ती निजलेली होती!

वाडा पाहून झाल्यावर ड्रायव्हरच म्हणाला, "सर, इथलं पाणी कुठलं, ते नाही विचारलं तुम्ही?" मला बरे वाटले. आम्ही जाधवांच्या वेळच्या मोती तलावाकडे वळलो. वाडा बांधणाऱ्यांनी तलावही बांधला, हे त्या बांधावर उभे राहिले की मनात ठसते.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या गावातही एखादी बारव असेल, जुना बांध असेल, गोठ्याच्या भिंतीत बसवलेला कोरीव दगड असेल. एका शनिवारी मुलांना घेऊन निघा आणि असे काय काय आहे ते वहीत उतरवून घ्या. दगड हलवू नका. बारवेत केरकचरा टाकू देऊ नका. त्यासाठी जीप लागत नाही. गाव सांभाळणारे पाणी कुठे होते, हे ज्या मुलाला कळले, तो पुढे ते बुजू देणार नाही.