धेंपोचा दुसऱ्या श्रेणीतला हंगाम

२०१५-१६ च्या हंगामात दोन नावाजलेले फुटबॉल संघ आपापल्या देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. एक ग्लासगोचा रेंजर्स, दुसरा गोव्याचा धेंपो. दोघांच्या पाठीशी मोठा इतिहास होता, दोघांनाही खालच्या पायरीवर असणे शोभत नव्हते, आणि दोघांनीही तो हंगाम जिंकला. रेंजर्स त्यानंतर वरच्या श्रेणीत गेले. धेंपोनेही वर जाण्याचा हक्क मिळवला, पण ते गेले नाहीत. ही गोष्ट आपल्याकडच्या मराठी मंडळींना फारशी ठाऊक नसते. क्रिकेटच्या गप्पांत रात्री दोन वाजवणाऱ्यांना तर मुळीच नाही. म्हणून ती सविस्तर सांगतो.

आधी धेंपोविषयी. खाणीच्या व्यवसायातून वर आलेले हे गोव्याचे घराणे. ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक १९७० साली सुरू झाले ते याच घराण्याच्या छत्राखाली, त्यामुळे गोमंतकीय वाचकांना हे नाव फुटबॉलबाहेरही परिचयाचे आहे. संघाचा सुवर्णकाळ मात्र आर्मांडो कुलासो प्रशिक्षक असताना आला. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले: दोनदा जुन्या नॅशनल फुटबॉल लीगचे, तीनदा तिच्या जागी आलेल्या आय-लीगचे. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा हे गोव्याचे खेळाडू, आणि गोल करायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तिथवर त्याआधी कोणताही भारतीय संघ गेला नव्हता.

या यशाच्या उंबरठ्यावर एक मृत्यूही आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन खेळाडूने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना तो गोलरक्षकावर आदळून कोसळला, आणि वाचला नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला आणि त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा बाजूला ठेवला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्याच हंगामातले.

असा संघ खाली आला कसा? लोकांचे ठरलेले उत्तर असते ‘खाणी बंद पडल्या’. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबले आणि राज्याच्या अर्थकारणाला मोठा फटका बसला, हे खरेच. पण धेंपोच्या बाबतीत हे उत्तर नीट बसत नाही, कारण धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवा कंपनीला विकला होता. माझ्या मते खरे कारण मैदानाच्या जवळ शोधायला हवे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ शहरांचे आठ संघ, नामवंत निवृत्त परदेशी खेळाडू, दूरदर्शन संचावर झगमगाट. गोव्याच्या नव्या संघाचे, एफसी गोवाचे, मालक तिघे होते: व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो. म्हणजे ज्यांचे जुने संघ आय-लीगमध्ये होते त्यांनीच नव्या दुकानातही भागीदारी घेतली. धेंपोचे मंदार राव देसाई आणि रोमिओ फर्नांडिस झिकोच्या हाताखाली एफसी गोवातर्फे खेळले आणि गाजलेही. आय-लीग जानेवारी २०१५ पर्यंत मागे ढकलली गेली. पुढे फेब्रुवारीत रोमिओ उसनवारीवर ब्राझीलच्या आत्लेतिको परानाएन्सेकडे गेला. गोव्याच्या मुलाने ब्राझीलमध्ये खेळायला जावे ही अभिमानाचीच गोष्ट, पण धेंपोच्या आघाडीच्या फळीत ऐन हंगामात भोक पडले.

त्या हंगामात अकरा संघ होते. धेंपो दहावे आले. अकरावा होता पुण्याचा भारत एफसी, परंतु तो पैसे भरून थेट प्रवेश घेतलेला नवा संघ असल्यामुळे त्याला घसरणीपासून संरक्षण होते. परिणामी पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत गेला. यावरही कडी म्हणजे हंगाम संपल्यावर भारत एफसी, पुणे एफसी आणि शिलाँगचा रॉयल वाहिंगडो हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. जागा रिकाम्या होत्या, पुढचा हंगाम नऊच संघांचा झाला, तरी धेंपोला परत घेतले गेले नाही. नियम तो नियम. (एका वर्षानंतर हाच नियम कसा वाकला ते पुढे येईलच.)

धेंपोने तक्रार न मांडता दुसरी श्रेणी खेळली, आणि मला या इतिहासात सर्वांत जास्त आदर त्याचाच वाटतो. समोरचे संघ लेचेपेचे नव्हते. पंजाबची मिनर्व्हा अकादमी होती, मणिपूरचा नेरोका होता, काश्मीरचा लोनस्टार होता. प्रवास लांबचे, प्रेक्षक थोडे, वर्तमानपत्रांत दोन ओळींची बातमी. धेंपो पहिले आले, मिनर्व्हा दुसरे. त्या स्पर्धेचा दर्जा कळायला पुढचे एक उदाहरण पुरे: दोनच वर्षांनी, २०१७-१८ मध्ये, मिनर्व्हा आय-लीगचे विजेते झाले आणि नेरोका उपविजेते.

धेंपो वर चढत असतानाच वरचा मजला मोडायची तयारी चालली होती. मे २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला. सुपर लीग सर्वांत वरची, तिच्यात ना बढती ना घसरण. आय-लीग तिच्याखाली. म्हणजे मैदानावर कितीही जिंकले तरी वरच्या श्रेणीत जायची वाट नाही. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. मग धेंपोनेही सोडली. एका वर्षाच्या घामाने मिळवलेली जागा, आणि तिच्यावर एक सामनाही खेळला गेला नाही.

इथे स्कॉटलंडकडे पुन्हा पाहणे उपयोगी आहे. रेंजर्सची कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि संघाला थेट चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. त्या तळाच्या श्रेणीतल्या एका सामन्याला ४९,११८ प्रेक्षक आले होते. २०१४-१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत रेंजर्सबरोबर एडिंबराचे हार्ट्स आणि हिबर्नियन असे दोन्ही बडे संघ होते. त्या वर्षी हार्ट्स वर गेले, पुढच्या वर्षी रेंजर्स. हिबर्नियन खालीच राहिले, पण २१ मे २०१६ ला त्यांनी दुसऱ्या श्रेणीत असतानाच रेंजर्सला ३-२ हरवून स्कॉटिश चषक जिंकला, १९०२ नंतर प्रथमच. हा चमत्कार होऊ शकला, कारण तिथे दरवाजे उघडे होते. स्कॉटलंडमध्ये पैसा बुडवणाऱ्याला खाली ढकलतात आणि खेळून वर येऊ देतात. त्याच महिन्यात भारतात नेमके उलटे ठरत होते.

आपल्या अमेरिकेतली रीत आणखी वेगळी. बॉथेलहून वीसेक मैलांवर सिअॅटलला खेळणारा साउंडर्स २००८ पर्यंत दुसऱ्या श्रेणीत होता. २००५ आणि २००७ मध्ये त्याने ती जिंकलीही. पण २००९ मध्ये त्या नावाचा संघ मेजर लीग सॉकरमध्ये आला तो या विजयांमुळे नव्हे, तर नव्या मालकांनी तीन कोटी डॉलर प्रवेशमूल्य भरले म्हणून. इथे कोणाला त्याचे वाईट वाटत नाही, कारण बढतीची परंपराच नव्हती. भारतात ती होती. जी वाट होती ती बंद करणे, हा माझ्या दृष्टीने मूळ अन्याय.

आता तो वाकलेला नियम. २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तोही थेट प्रवेशवाला, म्हणून सुरक्षित. घसरण मिझोरमच्या आयझॉलच्या वाट्याला आली. परंतु गोव्याचे संघ निघून गेल्यावर आयझॉलला परत बोलावण्यात आले. खालिद जमील या प्रशिक्षकाला मुंबई एफसीने सोडले होते. तो आयझॉलला गेला, आणि २०१६-१७ चे विजेतेपद आयझॉलने पटकावले. त्याच हंगामात मुंबई एफसी घसरला आणि संपला. शिवाजियन्सही २०१७ मध्ये आवरले गेले. ज्या दोन पुणेकर संघांना घसरणीपासून वाचवले, त्यांपैकी एकही टिकला नाही.

धेंपोचे बाहेर पडणे मला तत्त्वाने पटते. तरीही त्यांची बाजू पुरती निर्मळ म्हणवत नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभ्या असलेल्या मालकाला निषेध परवडतो. दुसऱ्या श्रेणीत तो हंगाम खेळलेल्या विशीतल्या मुलाला परवडत नाही. त्याच्यापुढे राज्याची लीग उरली, आणि नशीब असेल तर दुसऱ्या शहरातली नोकरी.

पुढे बरीच वर्षे गेली. आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगची दारे २०२२-२३ पासून उघडली आणि पंजाबचा संघ तसा वर गेला, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहमेडनही. २०२३-२४ मध्ये धेंपो पुन्हा खालच्या पायरीवर, आय-लीग २ मध्ये उतरले. या वेळी प्रशिक्षक होता समीर नाईक, विजेतेपदांच्या काळातला बचावपटू. बंगळूरचा स्पोर्टिंग पहिला आला, धेंपो दुसरे, आणि बढती दोघांना होती. २०२४-२५ मध्ये धेंपो आय-लीगमध्ये खेळले, आणि त्या हंगामाअखेर खाली गेले नाहीत.