दारूच्या बाटल्यांची झाकणं आणि कलेचा मास्तर : कोण आहेत एल अनात्सुई?

लांबून पाहिलं तर भिंतीवर सोनेरी-लाल रंगाचा भलामोठा भरजरी शालू सोडल्यासारखा वाटतो. जवळ गेलं की कळतं, हे कापड नाहीच. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची हजारो झाकणं चपटी करून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडलेली आहेत.

ही कलाकृती एल अनात्सुई यांची. आज त्यांची गणना जगातल्या आघाडीच्या शिल्पकारांमध्ये होते. पण आयुष्यातली साडेतीन दशकं ते नायजेरियातल्या एका विद्यापीठात शिकवत होते. त्यांची कला समजून घ्यायची, तर त्यांचं शिकवणंही पाहावं लागतं.

सुरुवात बाजारातल्या ताटांपासून

अनात्सुई यांचा जन्म १९४४ साली घानातल्या अन्याको गावी झाला. त्यांचे वडील 'केंटे' हे पारंपरिक कापड विणत. अरुंद पट्ट्या विणायच्या आणि त्या जोडून मोठं वस्त्र करायचं, अशी ही पद्धत.

घाना १९५७ साली स्वतंत्र झाला, तरी कुमासीच्या कला महाविद्यालयात शिक्षण मात्र युरोपीय धाटणीचंच होतं. १९६९ मध्ये शिक्षण संपवून बाहेर पडल्यावर अनात्सुई यांनी आपल्या आसपास पाहायला सुरुवात केली. बाजारात विक्रेते ज्या लाकडी ताटांत माल मांडतात, तीच ताटं त्यांनी घेतली आणि तापवलेल्या लोखंडानं त्यांवर पारंपरिक चिन्हं उमटवली.

शिक्षक अनात्सुई

१९७५ मध्ये ते न्सुक्का इथल्या नायजेरिया विद्यापीठात रुजू झाले आणि २०११ पर्यंत तिथे होते. त्यांचा विद्यार्थ्यांना आग्रह असे, की महागडं, आयात केलेलं साहित्य मिळण्याची वाट पाहू नका. जे भोवताली आहे, त्यातून काम करा.

स्वतःही ते तेच करत होते. माती, यांत्रिक करवतीनं कापलेलं लाकूड, दुधाच्या डब्यांची झाकणं, कसावा किसायच्या गंजलेल्या किसण्या, असं एकेक साहित्य त्यांच्या कामात आलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस न्सुक्काजवळ त्यांना झाकणांनी भरलेली एक पिशवी सापडली. त्यातून घडलेल्या सुरुवातीच्या कलाकृतींपैकी 'मॅन्स क्लॉथ' आणि 'वूमन्स क्लॉथ' या दोन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

झाकणंच का?

युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत विकायला आणलेल्या मालात दारू होती. गुलामांच्या व्यापारातही तिची देवघेव झाली. त्यामुळे अनात्सुई यांच्या दृष्टीनं हे झाकण आफ्रिका, युरोप आणि अमेरिका यांना जोडणाऱ्या इतिहासाचा तुकडा आहे. म्हणूनच आपल्या कामाला कोणी 'रिसायकलिंग' म्हटलेलं त्यांना पटत नाही. वस्तू पुन्हा वापरली, एवढंच त्यात नसून तिचं रूप आणि अर्थ दोन्ही बदलतात, असं ते मानतात.

काम एकट्याचं नसतं. स्टुडिओतले अनेक सहायक झाकणं कापतात, ठोकतात, दुमडतात आणि तारेनं जोडून तुकडे तयार करतात. अनात्सुई हे तुकडे जमिनीवर मांडून, पुन्हा पुन्हा बदलून अंतिम रचना ठरवतात.

टांगायचं कसं, तुम्ही ठरवा

खरी गंमत पुढे आहे. ही शिल्पं कापडासारखी घडी घालून पाठवता येतात. पण ती कशी टांगायची, याचा ठरलेला नकाशा ते सहसा देत नाहीत. चुण्या कुठे पाडायच्या, कुठे सैल सोडायचं, हे मांडणाऱ्यानं ठरवायचं. त्यामुळे एकच कलाकृती दोन संग्रहालयांत वेगळी दिसते. प्रत्येक माणसात कलाकार असतो आणि त्याला वाव मिळावा, ही त्यामागची भूमिका. उत्तर न सांगता विद्यार्थ्याला विचार करायला लावणाऱ्या शिक्षकाचीच ही रीत म्हणायची.

विद्यार्थी कुठे पोचले?

२०१५ मध्ये व्हेनिस बिएनालेनं अनात्सुई यांना जीवनगौरवासाठी 'गोल्डन लायन' दिला. २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या भव्य टर्बाइन हॉलमध्ये त्यांची शिल्पं झळकली.

त्यांच्या विद्यार्थिनी न्नेना ओकोरे टाकाऊ कागदासारख्या साहित्यातून शिल्पं घडवतात आणि अमेरिकेत कला शिकवतात. दुसरे विद्यार्थी चिका ओकेके-अगुलू प्रिन्स्टन विद्यापीठात कला-इतिहासाचे प्राध्यापक आहेत. २०१९ मध्ये म्युनिकला अनात्सुई यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते मांडणाऱ्या दोन क्युरेटरांपैकी एक हेच होते.